सर्व संबंधितांनी संयम बाळगावा

मा ओन चीला लहानपणापासून एकच खोड होती, चौकशा करायची. शेजारी भांडण पेटलं की बाकीच्या बायका दार ओढून घ्यायच्या आणि ही पायरीवर येऊन बसायची. कोण चुकलं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसे. भांडण नेमकं कुठल्या शब्दावरून सुरू झालं, एवढंच तिला हवं असे. "तुझं नाक तुझ्या आधी घरात शिरतं," असं तिची आई म्हणायची, आणि ते काही फारसं खोटं नव्हतं.

मोठ्या वादळात खाडीकाठचं गाव वाहून गेलं, तेव्हा आई आणि दोघी मुली यांगूनला आल्या आणि नदीपलीकडे लाइंग थायाच्या वस्तीत बांबूच्या खोपटात राहू लागल्या. ओन चीचं लग्न झालं होतं, पण नवरा मलेशियाला कामाला गेला तो तिकडचाच होऊन बसला. धाकटी ऐ म्या कपड्यांच्या कारखान्यात लागली. बर्फ पडतो अशा देशांसाठी ती जाकिटं शिवायची आणि घरी मात्र पंख्यासमोरून हलायची नाही. ओन चीला नदीअलीकडे गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम मिळालं. साहेब लोकांची काठ्यांची पिशवी वाहायची, झाडीत गेलेला चेंडू शोधायचा, वारा कुठून येतोय ते सांगायचं. गालांवर थनाखाच्या, म्हणजे उगाळलेल्या सालीच्या लेपाचे जाड पट्टे ओढून, मोठी गोल टोपी घालून या बायका उन्हात मैलोन्‌मैल चालायच्या.

प्रत्येक खेळणाऱ्याला त्यांनी टोपणनाव दिलेलं होतं. एक होते ढेकरसाहेब, एक होते चष्मेवाले कर्नल. आणि एक उंच, काटकुळा, लाल मानेचा परदेशी होता. तळ्याच्या कडेला चेंडू शोधायला उभा राहिला की अगदी बगळा दिसायचा, म्हणून तो बगळेसाहेब. कुठल्याशा थंड देशाच्या वकिलातीत तो व्यापाराचं काहीतरी बघायचा. तो नेहमी ओन चीलाच बोलवायचा, कारण त्याला आमची भाषा शिकायची होती आणि ओन चीला बोलणं थांबवता येत नव्हतं. या झाडाला काय म्हणतात, त्या पक्ष्याला काय म्हणतात, असं करत करत तो बऱ्यापैकी बोलायला लागला. फक्त एक झालं. भाषा शिकला ती सगळी बायकांकडून, त्यामुळे स्वतःबद्दलही बायकांसारखंच बोलायचा.

"मी आले," तो गाडीतून उतरताना म्हणायचा. "मी आज फार दमले आहे."

कॅडी बायका टोपीआड तोंड लपवून हसायच्या. त्यांची मुकादम डॉ म्या सेन (डॉ म्हणजे आमच्याकडे बाई) हिने ताकीदच दिली होती, "खबरदार कोणी सुधारलं तर! एवढी एकच तर करमणूक आहे आपल्याला."

फेब्रुवारीत लष्कराने सरकार ताब्यात घेतलं. मग जे झालं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी घरोघर भांडी वाजू लागली. सैतान घालवायला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भांडी वाजवत आलो आहोत. या वेळी सैतान कोण ते कोणाला सांगावं लागलं नाही. ऐ म्याच्या कारखान्यातल्या मुली शिवणयंत्रं सोडून रस्त्यावर उतरल्या. पोलिसांच्या ढालींवर त्यांनी गुलाब खोचले, मोर्चा संपल्यावर रस्ता झाडून काढला. घरी येऊन ऐ म्या पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरं गिरवत बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं सुरेख काढायची.

"हे कोणासाठी?" ओन चीने विचारलं.

"जगासाठी. जगाला दिसलं पाहिजे ना, ताई."

"जगात बघणारा नेमका कोण असतो गं?"

"म्हणजे काय? सगळे!"

"त्यातला एक माझ्या ओळखीचा आहे," ओन ची म्हणाली. "त्याला गवतातला पांढरा चेंडू दिसत नाही."

ऐ म्याने तिला रंगाचा कुंचला फेकून मारला. अंगावरची कुरती खराब झाली म्हणून आई दोघींवर ओरडली. त्या दिवसांत घरात हसू खूप होतं, हे आज सांगूनसुद्धा खरं वाटत नाही.

मार्चमध्ये लष्कर लाइंग थायात शिरलं. पोरांनी रस्त्यावर बांबू आणि वाळूच्या गोण्या रचल्या होत्या. बायकांनी आपल्या नेसायच्या लुंग्या दोरीवर टाकून रस्त्याच्या आडव्या बांधल्या होत्या, कारण बाईच्या लुंगीखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं असं शिपाई मानतात. आणि खरंच, दोऱ्या कापायला ते थांबले. तेवढ्या वेळात पुष्कळ माणसं पळाली. पुष्कळ पळू शकली नाहीत. ऐ म्याच्या शेजारच्या यंत्रावर बसणारी, सगळ्यांना भाजलेल्या शेंगा वाटणारी मुलगी तिथेच गेली. ऐ म्याच्या मांडीतून गोळी आरपार गेली. इस्पितळाच्या दारात शिपाई उभे होते, म्हणून मठातल्या भिक्षूंनी तिला धर्मशाळेच्या मागच्या खोलीत ठेवलं आणि वस्तीतल्या एका निवृत्त परिचारिकेने जखम धुऊन बांधली. मग तिला घरी आणलं. पाय वाचला, पण आखूड झाल्यासारखा झाला.

मोबाइलचं इंटरनेट बंद झालं. नदीवरचा पूल काही दिवस बंद राहिला. उघडला तेव्हा ओन ची कामावर गेली, कारण औषधं आणायची होती. मैदान उघडलं होतं. हिरवळ कापलेली होती, पाणी मारलेलं होतं.

बगळेसाहेब आला. "मी आले," म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

पहिल्या भोकापर्यंत ती नुसती वाऱ्याची दिशा सांगत गेली. दुसऱ्याला जाताना तिने सगळं सांगितलं. दोऱ्या, गोण्या, शेंगावाली मुलगी, ऐ म्याचा पाय. सोप्या शब्दांत सांगितलं, त्याला कळतील असेच शब्द निवडून. सांगतानाही तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होतं. तिला खरोखरच बघायचं होतं, की जग म्हणतात ते ऐकतं तेव्हा कसं दिसतं.

तो गवतावर मटकन बसला. त्याची लाल मान पांढरी पडली. 

"मी लिहिते," तो म्हणाला. "आजच लिहिते. माझ्या देशाला सांगते."

"नाव लिहू नका तेवढं."

"नाव नाही लिहीत."

पुढच्या आठवड्यात तो आला तेच फोन पुढे करत. त्याच्या आणि आजूबाजूच्या बऱ्याच देशांनी मिळून निवेदन काढलं होतं. आमच्या भाषेतला मजकूरही खाली होता. वकिलातीने मुद्दाम करून घेतला होता. ओन चीने दोनदा वाचला, पाठ केला आणि घरी येऊन अंथरुणावर पडलेल्या बहिणीला म्हणून दाखवला. हिंसाचाराबद्दल आम्हाला तीव्र चिंता वाटते. सर्व संबंधितांनी संयम बाळगावा आणि संवादाचा मार्ग स्वीकारावा.

"सर्व संबंधित म्हणजे कोण?" ऐ म्याने विचारलं.

"लष्कर आणि… आपण, असं दिसतं."

ऐ म्या हसायला लागली. हसताना पाय दुखला, म्हणून कण्हली, आणि पुन्हा हसली. आई मात्र गंभीर झाली. मोठ्या लोकांचं बोलणं ती वाऱ्यावर सोडणारी नव्हती.

"हसू नका गं. इतके देश एकत्र बसून म्हणतात म्हणजे काहीतरी असेल," आई म्हणाली. "ऐ म्या, तू ते पातेलं जरा जास्तच जोरात वाजवायचीस. मी सांगत होते तुला."

"अमे! पातेल्याचा संयम?"

"आणि गोण्या कोणी रचायला सांगितल्या होत्या?"

"गोण्या नसत्या तर गोळ्या आणखी आत आल्या असत्या."

"बरं, मग लुंग्या. पुरुषांना चिडवायचं कशाला मुद्दाम?"

ओन ची दोघींचं ऐकत होती. नेहमीचा किडा तिच्या डोक्यात वळवळायला लागला होता. आपण काय कमी करायला हवं होतं? भांडी नसती वाजवली तर? गुलाब नसते दिले तर? नुसतं उभं राहायचं? का घरी बसायचं? घरात बसलेल्यांनाही गोळ्या लागल्या होत्या. तिने वस्तीत विचारून पाहिलं. रिक्षावाला म्हणाला, "आपण मरताना जरा हळू ओरडायला हवं होतं." मठातले म्हातारे भिक्षू डोळे मिटून म्हणाले, "संयम आम्हाला माहीत आहे, पोरी. पण तो आम्ही स्वतःला सांगतो. दुसऱ्याला लांबून सांगत नाही." तिचं समाधान झालं नाही.

मग तिने ते बगळेसाहेबालाच विचारलं. तळ्याकाठी चेंडू शोधत होते तेव्हा. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. झाडाचं नाव विचारावं तसं, साहेबाला म्हणतात ते 'सया' लावून विचारलं.

"सया, त्या निवेदनात आमच्या वाट्याचा संयम आहे ना, तो कुठला? आम्ही काय केलं नसतं तर बरं झालं असतं?"

त्याने काठीने पाण्यातलं शेवाळ बाजूला सारलं.

"मला माहीत नाही," म्हणाला.

"मग तसं लिहिलं कोणी?"

त्यावर त्याने जे सांगितलं, ते ऐकताना ती चेंडू विसरून गेली. एका मोठ्या मेजाभोवती पुष्कळ देशांची माणसं बसतात, त्याने सांगितलं. आधी एक जण मजकूर लिहून आणतो. पहिल्या मजकुरात चांगलं लिहिलेलं होतं, लष्कराने निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या असं सरळ. मग एक देश म्हणतो, लष्कर हा शब्द नको, आमची माणसं तिथे समुद्रातून इंधनाचा वायू काढतात. दुसरा म्हणतो, गोळ्या नको, तपास झालेला नाही. तिसऱ्याला काही म्हणायचं नसतं, पण शेजारच्याला दुखवायचं नसतं. एकेक शब्द खोडत जातात. ज्यावर कोणाचीच हरकत नाही ते उरतं.

"म्हणजे मठातल्या जेवणावळीसारखं," ओन ची म्हणाली. "एकीला मासळी चालत नाही, एकीला मिरची, एकीला लसूण. शेवटी नुसता भात राहतो."

"हो. भात." तो कसंनुसं हसला. "मी लिहिलं होतं त्यात तुझी बहीण होती. नाव नाही, पण होती."

"ती कोणी खोडली?"

"ती मेजापर्यंत गेलीच नाही. आमच्याच कचेरीत थांबली."

"का?"

"एका माणसाची गोष्ट, म्हणाले. आम्हाला आकडा पाहिजे."

ओन चीला हे सगळं विलक्षण वाटलं. राग नंतर आला, रात्रीच्या जेवणाला. त्या क्षणी तिला आधी तेच मेज दिसत होतं. त्या माणसांना चहा कोण देतं, ती एकमेकांशी काय बोलतात, घरी जाताना त्यांना कसं वाटतं.

"मला नेता येईल का तिथे? मी कोपऱ्यात बसेन," ती म्हणाली.

तो हसला, आणि मग ती थट्टा करत नाही हे लक्षात आल्यावर हसायचा थांबला.

असेच काही आठवडे गेले. मग एका सकाळी डॉ म्या सेनने तिला बाजूला घेतलं. "आज चौघांचा खेळ आहे. तुझा बगळा आहे आणि बरोबर चष्मेवाले कर्नल. तोंडाला कुलूप लाव. कळलं?"

"साहेब त्यांच्याबरोबर खेळणार?"

"वरून सांगितलंय म्हणे त्याला, ओळख ठेवायला. दार उघडं ठेवायचं असतं त्यांना. कसलं दार ते मला विचारू नकोस."

खेळ सुरू झाला. बगळेसाहेब इंग्रजीत बोलत होता. इंग्रजीत त्याचा आवाज जाड यायचा, वेगळाच माणूस वाटायचा. कर्नल चांगला खेळत होते, खुशीत होते. सहाव्या की सातव्या भोकापाशी, आपली पाळी यायची वाट बघताना, ते ओन चीकडे वळून आमच्या भाषेत म्हणाले, "तू कुठली गं?"

"लाइंग थायाची, सया."

 कर्नलनी चष्मा वर सरकवला.

"आता शांत आहे ना तिकडे?"

ओन चीने बगळेसाहेबाकडे पाहिलं. त्यातला शब्दन्‌शब्द त्याला कळला होता. ते शब्द तिनेच त्याला शिकवले होते. तो काय करतो हे तिला बघायचं होतं. तसं ती फार काही मागत नव्हती. नुसतं वर बघितलं असतं तरी चाललं असतं.

तो रुमालाने काठीचं टोक पुसू लागला. काठी स्वच्छ होती.

"शांत आहे, सया," ती म्हणाली.

"छान," म्हणून कर्नलनी चेंडू मारला, आणि तो सुंदर गेला.

नंतर ती सांगायची, की मेज बघायला परदेशी जायची तिची हौस तिथेच फिटली. शब्द कसा खोडतात ते तिला समोर दिसलं. एक त्याने खोडला आणि एक तिने स्वतः. तिच्यापाशी निदान घाबरायला कारण होतं. त्याच्यापाशी काय होतं, हा प्रश्न तेवढा राहिला.

त्या दिवशी तिने शेवटच्या भोकापर्यंत पिशवी वाहिली, काठ्या पुसून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही, त्यानंतरही कधी गेली नाही. डॉ म्या सेनने निरोप पाठवला, "मूर्ख आहेस. पण मी तुझी टोपी जपून ठेवलीय."

ओन चीने मठाच्या कोपऱ्यावर दुधी भोपळ्याची भजी तळायला सुरुवात केली. ऐ म्या आखूड पाय पुढे काढून बसायची आणि चिंचेची चटणी वाटायची. पीठ आई कालवायची. धंदा बरा चालला, कारण भजी खाता खाता वस्तीतली सगळी बातमी तिथे मिळायची. दुकानदारीणच ती खणून काढायची.

पावसाळा सुरू व्हायच्या सुमाराला बगळेसाहेब तिथे आला. एकटाच, भाड्याच्या गाडीने. ठेंगण्या स्टुलावर त्याचे गुडघे कानापर्यंत आले. त्याची बदली झाली होती, दोन दिवसांत जाणार होता. आईने त्याच्यापुढे भज्यांची ताटली ठेवली. तिला सगळं माहीत होतं, तरी ठेवली. पाहुणा होता.

"मी क्षमा मागायला आले," तो म्हणाला.

ऐ म्याने भुवया उंचावून बहिणीकडे पाहिलं. तो असं बोलतो हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ती खाली मान घालून चटणी वाटू लागली. तिचे खांदे हलत होते.

 ओन चीने कढईतला झारा हलवला आणि विचारलं, "सया, तुमच्या देशात आमची बातमी येते का?"

"आली होती. पहिल्या पानावर. काही दिवस."

"मग?"

"मग एक जहाज अडकलं."

"कसलं जहाज?"

त्याने सांगितलं. फार मोठं जहाज, एका कालव्यात आडवं होऊन रुतलं. मागे शेकडो जहाजांची रांग लागली. सगळं जग तेच बघत होतं. तो हे अगदी खाली बघून, कबुली दिल्यासारखं सांगत होता. पण आईने पीठ कालवायचं थांबवलं होतं.

"किती मोठं?" आईने विचारलं.

"इथपासून… पुलापर्यंत."

"अगो बाई! मग निघालं का ते?"

"निघालं."

"वरची माणसं? बरी आहेत ना?"

"हो, अमे. कोणालाच काही झालं नाही."

"चला, बरं झालं," आई म्हणाली आणि पुन्हा पीठ कालवू लागली.

त्याने हातातलं भजं ताटलीत ठेवलं. तो तिच्याकडे बघत राहिला. आई आपल्या तंद्रीत बोलत होती. "जहाजांचं असंच असतं. वादळाच्या साली आमच्यासाठीपण आली होती. तांदूळ, औषधं, पाणी, सगळं भरून. रेडिओवर सांगत होते. आमच्या लष्कराने येऊ दिलं नाही. मग वाट बघितली आणि गेली परत."

"त्या तांदळाचं काय केलं असेल हो?" ओन चीने एकदम विचारलं. "तेव्हापासून मला पडलेला प्रश्न आहे हा. एवढा तांदूळ परत नेऊन कुठे ठेवला असेल? दुसऱ्या कोणाला दिला? का सडला? आम्ही किनाऱ्यावर बसून नारळाचं पाणी पीत होतो तेव्हा हाच विचार करायचो. तुम्हाला कळेल का?"

"मी विचारते," तो म्हणाला. "नक्की विचारते."

जाताना तो म्हणाला, "मी जाते." ओन ची त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेली. तिथे उभं राहून तिने त्याला पहिल्यांदा सांगितलं, की सया, पुरुष 'जातो' म्हणतात. तो थोडा वेळ तोंडातल्या तोंडात पुटपुटला. "इतकी वर्षं?" त्याने विचारलं. "इतकी वर्षं," ती म्हणाली. तेव्हा मात्र दोघंही हसले.

ऐ म्या पुढच्या हिवाळ्यात सरहद्दीपलीकडे गेली. आता थायलंडमधल्या एका गावात पुन्हा जाकिटं शिवते, सुट्टीच्या दिवशी पळून आलेल्या मुलांना अक्षरं शिकवते. आईचे डोळे अधू झाले. निवेदनं येत राहिली. कोणी फोनवर वाचून दाखवलं की ओन ची कोणता शब्द नवा आला आणि कोणता गळला ते बरोबर ओळखते, आणि गिऱ्हाइकं तिची चेष्टा करतात.

बगळेसाहेबाचा निरोप पुष्कळ महिन्यांनी आला, डॉ म्या सेनच्या फोनवर. तिने भज्यांच्या गाड्यापाशी उभी राहून मोठ्याने वाचला. भाषा आता सगळी पुरुषाची होती, जरा अवघडलेली. मी तीन कचेऱ्यांत विचारलं, त्याने लिहिलं होतं. एका निवृत्त अधिकाऱ्यालाही भेटलो. तांदळाचं काय झालं ते कोणाला माहीत नाही. जहाजं गेली होती हेही बऱ्याच जणांना आठवत नव्हतं.

"बघ," डॉ म्या सेन म्हणाली, "तुझ्या बगळ्याला जमलं नाही."

"पण विचारलं तर खरं त्याने," ओन ची म्हणाली. तिने कढईतून भजी काढून निथळत ठेवली. मग म्हणाली, "त्याला लिही, जहाजावर स्वयंपाकी असतो. त्याला विचारायचं. साहेब लोकांना तांदळातलं काय कळणार?"

"कोणता स्वयंपाकी? नाव काय त्याचं?"

"ते शोधायला सांग ना."

डॉ म्या सेनने कपाळावर हात मारला आणि लिहायला घेतलं.